पडद्याच्या ऑपरेशनआधी घरी करून ठेवायची तयारी

डोळ्याचा पडदा (रेटिना) सरकला की ऑपरेशन घाईने ठरतं, तयारीला कधी एखादाच दिवस मिळतो. म्हणून पहिलं काम म्हणजे डॉक्टरांना विचारून लिहून घेणं: डोळ्यात गॅस भरणार की सिलिकॉन ऑइल, आणि नंतर डोकं कसं ठेवायचं, किती दिवस. गॅसचा बुडबुडा वर तरंगतो आणि पडद्याला आतून टेकू देतो, त्यामुळे पालथं राहायचं की कुशीवर, ते पडद्याला भोक कुठे पडलंय त्यावर ठरतं. दुसऱ्या पेशंटला सांगितलेली पद्धत उचलू नका.

पालथं राहायला सांगितलं असेल, तर खरी परीक्षा मानेची आणि पाठीची असते. कपाळ टेकायला उशी, छातीखाली एक, घोट्यांखाली एक, अशी मांडणी करून आदल्या दिवशीच पडून बघा. श्वास मोकळा हवा आणि डोळ्यावर दाब यायला नको. पाणी स्ट्रॉसकट आणि फोन हाताशी, नजर खाली असतानाही सापडेल असं ठेवा. ऐकण्यासारखं भरपूर साठवून ठेवा, कारण हे दिवस खरंच सरत नाहीत. मध्ये किती वेळ उठायची मुभा आहे तेही विचारा. जेवण, अंघोळ त्यात बसवावं लागतं. पायांची हालचाल चालू ठेवा.

थेंबांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. दोन औषधांमध्ये 5 मिनिटं जाऊ द्या. सुरुवातीला थेंब दुसऱ्या कुणी घातलेले बरे, हात धुऊनच.

गॅस आहे तोवर विमानप्रवास आणि उंच डोंगरावर जाणं पूर्ण बंद. उंचीवर गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. दुसरी कुठलीही भूल देण्याआधी डोळ्यात गॅस असल्याचं सांगाच. भुलीत वापरतात तो नायट्रस ऑक्साइड वायू चालत नाही. गॅसच्या प्रकारानुसार तो विरायला साधारण 2 ते 8 आठवडे लागतात. ऑइल मात्र आपोआप जात नाही, सहसा पुन्हा ऑपरेशन करून काढतात.

गॅस भरला असेल तर सुरुवातीला जवळजवळ काहीच दिसत नाही, मग पाण्याच्या पातळीसारखी हलती रेघ दिसते आणि ती खाली सरकत जाते. घरच्यांनाही हे आधी सांगा, म्हणजे कुणी घाबरणार नाही. दुखणं वाढलं, उलट्या झाल्या, नवीन चमका किंवा काळी सावली दिसली, तर मात्र रात्र असली तरी लगेच फोन करा. आणि दुसऱ्या डोळ्याचा पडदाही तपासून घ्या, तिथेही धोका असतो.