कायमचे अपंगत्व आणणाऱ्या दुखापतीनंतर भरपाईचा दावा कसा मांडावा

मज्जारज्जूला किंवा मेंदूला गंभीर इजा झाली, हात वा पाय गमवावा लागला, तर रुग्णालयाचे बिल ही खर्चाची केवळ सुरुवात असते. बहुतेक देशांत एका दुखापतीसाठी भरपाई एकदाच मागता येते. तडजोडीच्या कागदावर सही झाली की पाच वर्षांनी नवी शस्त्रक्रिया करावी लागली तरी ते प्रकरण सहसा पुन्हा उघडत नाही. विमा कंपनीचा पहिला प्रस्ताव बहुधा घरात पैशाची चणचण असतानाच येतो, आणि प्रकृती कितपत सुधारेल हे डॉक्टरांनी स्पष्ट करण्यापूर्वी तो स्वीकारणे, माझ्या मते, या वाटेवरची सर्वांत महाग चूक ठरते.

मात्र रकमेसाठी थांबणे वेगळे आणि दावा दाखल करण्यास थांबणे वेगळे. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण मुदत ३ वर्षांची आहे, तर भारतात मोटार अपघाताच्या दाव्यासाठी कायद्याने ६ महिन्यांची मुदत घातली आहे. त्यामुळे आपल्या प्रकरणाला कोणती मुदत लागू होते, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे.

पुरावा त्याहून लवकर नाहीसा होतो. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, मोडलेले यंत्र दुरुस्त होते, साक्षीदारांचा पत्ता लागत नाही. म्हणून चित्रण आणि यंत्र जपून ठेवावे, अशी लेखी मागणी संबंधितांकडे ताबडतोब करावी, तसेच पोलिसांच्या अहवालाची प्रत, उपचारांचे सर्व कागद आणि मूळ पावत्या एकत्र ठेवाव्यात. जबाबदार पक्ष एकच असतो असे धरून चालू नये. चालकाबरोबर वाहनमालक, कामगाराच्या बाबतीत मालकाबरोबर यंत्राचा उत्पादकही उत्तरदायी असू शकतो. जखमी व्यक्तीचा थोडाफार निष्काळजीपणा असला, तरी अनेक ठिकाणी भरपाई त्या प्रमाणात कमी होते, दावा बुडत नाही.

खरा कस रक्कम ठरवताना लागतो. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती बुडाली याची टक्केवारी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात हा फरक उलगडून दाखवला आहे: हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, पण डावा हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून पूर्वीचे काम नेमके काय होते आणि त्यातले आता काय जमत नाही, हे मालकाच्या पत्रासह व डॉक्टरांच्या साक्षीने मांडावे. पुढच्या खर्चात शुश्रूषा, फिजिओथेरपी, घरातील बदल आणि चाकाची खुर्ची किंवा कृत्रिम अवयव ठरावीक वर्षांनी बदलण्याचा खर्च धरावा. पत्नीने वा आईने नोकरी सोडून केलेली सेवा फुकट समजू नये. रोजचे तास वहीत तारखेनिशी लिहिले, तर अनेक न्यायालये त्याचेही मोल धरतात.

पैसे एकरकमी घ्यावेत की दरवर्षी ठरलेल्या हप्त्याने, हा पर्याय काही देशांत मिळतो. इंग्लंडमध्ये २००५ पासून न्यायालय स्वतःहून हप्त्यांचा आदेश देऊ शकते. आयुष्यभराची शुश्रूषा लागणार असेल, तर हप्ता अधिक सुरक्षित वाटतो, कारण एकरकमी पैसा आयुष्य संपण्याआधी संपण्याची भीती असते.

वकील निवडताना अशा दुखापतींचे किती दावे त्याने स्वतः चालवले, हे विचारावे आणि शुल्क लेखी ठरवावे. अमेरिकेत मिळालेल्या रकमेचा वाटा शुल्क म्हणून घेण्याची पद्धत रूढ आहे, तर भारतात वकिलांना तसे करण्यास मनाई आहे. जखमी व्यक्ती अल्पवयीन असेल किंवा मेंदूच्या इजेमुळे निर्णय घेण्यास असमर्थ असेल, तर दावा पालकामार्फत दाखल होतो आणि तडजोडीला सहसा न्यायालयाची परवानगी लागते; ती मिळेपर्यंत घरच्यांनी केलेली सही बंधनकारक ठरत नाही.