डिस्क बदलण्याआधी लिंका तपासून घ्या

लिनक्सवरचा डेटा जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर न्यायचा असेल, तर कॉपी सुरू करण्याआधी त्यात लिंका किती आणि कुठल्या, ते बघून घ्या. साध्या फाइली कशाही नेल्या तरी पोचतात. घोळ होतो तो लिंकांचा, आणि हार्ड लिंकचा (एकाच फाइलचं आणखी एक नाव) घोळ वेगळा, सिमलिंकचा (दुसऱ्या फाइलचा पत्ता सांगणारी छोटी फाइल) वेगळा.

पहिलं काम ओळखपरेडीचं. टर्मिनलमध्ये फाइलींची यादी दाखवणारी एलएस -एलआय ही कमांड चालवा. ओळीच्या सुरुवातीला दिसतो तो आयनोड नंबर, म्हणजे डिस्कवरचा फाइलचा ओळख क्रमांक, आणि परवानग्यांच्या लगेच पुढचा आकडा म्हणजे त्या फाइलला नावं किती, अर्थात लिंक काउंट. दोन नावांपुढे एकच आयनोड आणि लिंक काउंट २ दिसला, तर ती हार्ड लिंक. त्यातली मूळ फाइल कुठली, हे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही नावं सारख्याच हक्काची. एक उडवलं तरी दुसऱ्या नावाने डेटा शाबूत. सिमलिंकच्या ओळीत परवानग्या मात्र एल या अक्षराने सुरू होतात आणि शेवटी बाण असतो. तिच्यात फक्त पत्ता लिहिलेला. पत्ता तिरप्या रेघांसकट १७ रोमन अक्षरांचा असेल तर साइझ १७ बाइट, मग पलीकडची फाइल ४० जीबीची का असेना.

नवी डिस्क एक्सफॅट किंवा फॅट३२ या फॉरमॅटची असेल तर इथेच थांबा. त्यांना दोन्ही लिंका कळत नाहीत. डिस्क लिनक्सलाच लावायची असेल तर सरळ लिनक्सच्या एक्स्ट४ फॉरमॅटची करून घ्या.

आता जागेचा हिशेब, आणि इथे घाई नको. जागा मोजणारी डीयू ही कमांड एका फेरीत एक आयनोड एकदाच मोजते. समजा, बॅकअपच्या फोल्डरमध्ये ३० दिवसांचे स्नॅपशॉट (त्या त्या दिवशीच्या प्रती) आहेत आणि न बदललेल्या फाइली हार्ड लिंकने जोडलेल्या आहेत. डीयू सांगेल १०० जीबी. पण आरसिंक ही कॉपीची कमांड नुसत्या -ए ने चालवलीत तर प्रत्येक नाव स्वतंत्र फाइल होऊन उतरतं आणि तेच १०० जीबी ३,००० जीबीच्या घरात जातं. -ए म्हणजे सगळंच जपलं जातं, असा समज सर्रास आहे. हार्ड लिंका त्यात येत नाहीत. त्यासाठी कॅपिटल एचचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. शिवाय कॉपी एकाच कमांडमध्ये करा. एकेक फोल्डर सुटा नेलात, तर दोन फोल्डरांमधली हार्ड लिंक तुटणारच, कारण दुसऱ्या फेरीला पहिल्या फेरीतले आयनोड ठाऊक नसतात. लिनक्सची साधी कॉपीची कमांड सीपी -ए हार्ड लिंका जपते, पण तेही एका फेरीपुरतंच.

हार्ड लिंक एका फाइल सिस्टिमच्या, म्हणजे फॉरमॅट केलेल्या एका डिस्कच्या किंवा तिच्या विभागाच्या, बाहेर जात नाही. त्यामुळे अर्धा डेटा जुन्या डिस्कवर ठेवून अर्धा हलवायचा बेत असेल, तर ती जोडी तुटणार हे आधीच धरून चाला.

सिमलिंकांसाठी रीडलिंक या कमांडने पत्ते वाचून काढा. पत्ता तिरप्या रेघेने सुरू होत असेल तर तो पूर्ण पत्ता. नव्या डिस्कचा माउंट पॉइंट (डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते तो) बदलला की तो चुकीचा ठरतो. सापेक्ष पत्ता मोजला जातो तो लिंक ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून, तुम्ही टर्मिनलमध्ये कुठे उभे आहात तिथून नव्हे. म्हणून लिंक आणि तिची फाइल असलेलं आख्खं झाड एकत्र हललं तर सापेक्ष लिंक टिकते. माझ्या मते हलवायच्या डेटात शक्यतो सापेक्ष लिंकाच ठेवाव्यात. नेटवर्कवरून कॉपी करणारी एससीपी -आर वापरणार असाल तर ती सिमलिंकच्या जागी पलीकडची फाइलच आणून टाकते, हे लक्षात असू द्या.

तुटलेल्या लिंकांची यादी फाइंड या शोधायच्या कमांडच्या -एक्सटाइप एल या पर्यायाने कॉपीआधीच काढून ठेवा, म्हणजे आधीपासून तुटलेल्यांचं खापर कॉपीवर फुटत नाही.

कॉपी झाल्यावर हार्ड लिंकच्या एक-दोन जोड्या पुन्हा एलएस -एलआयने बघा. आयनोड नंबर जुन्याशी जुळणार नाहीत, पण जोडीतले दोन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. मग जुनी डिस्क अनमाउंट करा आणि तुटलेल्या लिंकांची यादी तेव्हाच पुन्हा काढा. जुनी डिस्क जोडलेली असेपर्यंत पूर्ण पत्त्याच्या लिंका नव्या डिस्कवरून गुपचूप जुन्याच फाइली उघडत राहतात आणि तपासणीत सगळं ठीक दिसतं. दोन्ही याद्या जुळल्या की मगच जुनी डिस्क फॉरमॅट करायला घ्या.