नॉर्वेचे तपकिरी चीज रांधताना या चुका टाळा

नॉर्वेमध्ये तपकिरी चीजला ब्रुनोस्त म्हणतात. त्यातल्या ‘ओस्त’ या शब्दाचा अर्थ चीज असा होतो आणि स्वयंपाकघरातल्या बहुतेक फसगती या एका शब्दापासून सुरू होतात. नेहमीचे चीज विरजणाने किंवा रेनेटने (पारंपरिकपणे वासराच्या जठरातून काढलेल्या विकराने) दूध नासवून, त्यातला घट्ट भाग दाबून तयार करतात. ब्रुनोस्त मात्र तो घट्ट भाग काढून घेतल्यावर मागे उरलेल्या पाण्याचे, म्हणजे निवळीचे असते. ही निवळी तासन्‌तास आटवली की पाणी उडून जाते, दुधातली साखर आणि प्रथिने यांची उष्णतेत एकमेकांशी क्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग, किंचित खारट-गोड चव येते. खवा आटवताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही प्रक्रिया परकी वाटणार नाही. फरक इतकाच की खव्यात अख्खे दूध आटते, तर ब्रुनोस्तमध्ये आटते ती निवळी. म्हणून तयार वडीत सुमारे एक तृतीयांश भाग दुग्धशर्करेचा, म्हणजे लॅक्टोजचा असतो. हा पदार्थ रांधताना त्याला चीज न समजता आटवलेली दुग्धशर्करा समजावे; पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचा उलगडा त्यातून होतो.

वडी कोणती आहे हे न पाहणे

पाककृतीत नुसते ‘ब्रुनोस्त’ असे लिहिलेले असते, पण दुकानात त्याचे अनेक प्रकार मिळतात. केवळ शेळीच्या दुधापासून केलेल्या प्रकाराला एक्ते येईतोस्त, म्हणजे अस्सल शेळीचे चीज म्हणतात. त्याला शेळीच्या दुधातल्या विशिष्ट मेदाम्लांचा उग्र, रेंगाळणारा वास असतो. गुडब्रांड्सडाल या खोऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार गायीच्या आणि शेळीच्या दुधाच्या मिश्रणाचा असून चवीला पुष्कळ सौम्य आहे. या खोऱ्यातल्या आने होव या गवळणीने 1863 साली आटणाऱ्या निवळीत साय घालून पाहिली आणि आजची मऊ, मलईदार वडी जन्माला आली. पुढे 1933 साली वयाच्या 87 व्या वर्षी तिला राजाचे सन्मानपदक मिळाले. फ्लोतेमीसोस्त हा तिसरा प्रकार फक्त गायीच्या दुधाचा असतो.

गुडब्रांड्सडाल वडीसाठी लिहिलेल्या प्रमाणात एक्ते येईतोस्त घातल्यास रश्श्यावर शेळीचा वास स्वार होतो, म्हणून सुरुवात निम्म्या प्रमाणाने करावी. उलट, ज्या पदार्थात तो वास हवाच आहे तिथे फ्लोतेमीसोस्त कितीही घातले तरी तो येणार नाही. ज्यांना गायीच्या दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी ‘शेळीचे चीज’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये. मुरवलेल्या चीजमध्ये दुग्धशर्करा अगदी थोडी उरते, हा नियम इथे पूर्णपणे उलटा होतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी ही वडी दुधापेक्षाही जड ठरू शकते. काटेकोर शाकाहारी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: निवळी ज्या दुधातून येते ते बहुधा रेनेटने नासवलेले असते, तेव्हा ते रेनेट कशाचे आहे हे वेष्टनावर पाहून मगच पदार्थ करावा.

पिझ्झ्यासारखे वितळेल अशी अपेक्षा

मोझरेला तार धरतो तो दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या जाळ्यामुळे. केसीनचा बहुतांश भाग दूध नासवताना घट्ट भागाबरोबरच निघून जातो, त्यामुळे ब्रुनोस्त कधीही ताणले जात नाही. पावावर किसून ग्रिलखाली ठेवले तर ते आधी मऊ पडते, मग तूप सोडते आणि क्षणार्धात करपते, कारण वर पसरलेला थर म्हणजे मुख्यतः साखरच असते. भाजलेल्या पावावर ते हवे असेल तर पाव आधी पूर्ण भाजून घ्यावा आणि गरम पावावर पातळ काप ठेवावा. नॉर्वेमध्ये हृदयाच्या आकाराचे, बहुधा वेलदोडा घातलेले वाफल याच रीतीने खातात: वाफल साच्यातून निघाल्यावर काप वर ठेवायचा, साच्यात पिठाबरोबर चीज घालायचे नाही. तसे केल्यास साच्याला चिकटलेली साखर खरवडून काढावी लागते.

काप जाड असला तर चव तोंडात चिकट आणि एकसुरी होते. नॉर्वेतल्या लिलेहामर गावच्या तूर बियर्कलुंड या सुताराने 1925 साली पेटंट घेतलेली ओस्तेहोवेल, म्हणजे रंध्यासारखी चीजकापणी, या कामासाठी फार उपयोगी पडते. ती नसेल तर बटाट्याच्या सालकाढण्याने थंडगार वडीचे काप बऱ्यापैकी पातळ निघतात.

रस्सा आणि सॉसमधल्या चुका

तिखटमिठाच्या पदार्थांत ब्रुनोस्तचे खरे काम मागे राहून रश्श्याला गोलाई देणे हे आहे. रेनडियरच्या पातळ कापांचा मलईदार रस्सा, शिकारीच्या मांसाचे सॉस, मांसाच्या गोळ्यांवरचे तपकिरी सॉस या नॉर्वेजियन पदार्थांत ते थोडेसेच पडते आणि त्याच्या जोडीला ज्युनिपरची फळे, थाइम, आळिंबी आणि आंबट मलई असते. चार माणसांच्या सुमारे अर्ध्या लिटर सॉसला 30 ते 40 ग्रॅम पुरेसे होते. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण याच्या दुप्पट घालतात आणि मग सॉस जेवणाचे न राहता मिठाईचे होते.

प्रमाण बिघडले तर ते सावरता येते, पण मीठ वाढवून नव्हे. मिठाने गोडी आणखी उठून दिसते. त्याऐवजी आंबटपणा आणि कडवटपणा यांचा आधार घ्यावा: चमचाभर व्हिनेगर, थोडी मोहरीची पेस्ट किंवा मूठभर लिंगनबेरी ही लहान, आंबट लाल फळे आणि जोडीला बिनमिठाचा स्टॉक. याच कारणाने कांदा लालसर गोड होईपर्यंत परतू नये. गोडी आधीच वडीतून येणार असते, तेव्हा कांदा पारदर्शक झाला की थांबावे. मिठाचा निर्णयही शेवटी घ्यावा, कारण सॉस आटत असताना चव सतत बदलत राहते.

दुसरी चूक वेळेची आहे. वडीचा मोठा तुकडा उकळत्या भांड्यात टाकला की तो बुडाला जाऊन बसतो, त्याची कड भांड्याला लागते आणि करपल्याचा वास सगळ्या रश्श्यात उतरतो. वडी आधी किसून घ्यावी, सॉस जवळजवळ तयार झाल्यावर आच मंद करावी आणि कीस थोडा थोडा पेरत, लाकडी उलथन्याने बूड खरवडत ढवळावा. बुडाला लागलेच तर खरवडू नये; वरचे सॉस हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे.

सॉस फुटले, तर त्याचा दोष ब्रुनोस्तकडे क्वचितच असतो. रोमे या नॉर्वेजियन आंबट मलईचे 35 टक्के स्निग्धांश असलेले आणि कमी स्निग्धांशाचे असे दोन्ही प्रकार मिळतात. पहिला प्रकार उकळी सोसतो, हलका प्रकार फुटतो, जसे पातळ दही गरम रश्श्यात घातल्यावर फुटते. हलकीच मलई हाताशी असेल तर भांडे आचेवरून उतरवून मग ती मिसळावी. मांस न खाणाऱ्यांसाठी आळिंबीचे असेच सॉस उत्तम होते आणि माझ्या मते ब्रुनोस्तची चव समजून घ्यायला तीच सर्वांत चांगली सुरुवात आहे, कारण आळिंबीचा मातकट स्वाद या गोडीला तोलून धरतो.

गोड पदार्थ रवाळ का होतात

तूप रवाळ झाले तर आपण कौतुक करतो, पण ब्रुनोस्तच्या सॉसमध्ये किंवा आइस्क्रीममध्ये दाताखाली वाळूसारखी कचकच आली तर सगळा खटाटोप वाया जातो. याचे कारण दुग्धशर्करेत आहे. घरातल्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात नेहमीची साखर 200 ग्रॅमच्या आसपास विरघळते, तर दुग्धशर्करा जेमतेम 20 ग्रॅम. सॉस जास्त आटवले की विरघळायला पाणी पुरत नाही आणि थंड होताना तिचे खडे धरतात. म्हणून कॅरमेलसारखे सॉस करताना 100 ग्रॅम किसाला किमान 150 मिलिलिटर साय किंवा दूध घ्यावे, उकळवून घट्ट करण्याचा मोह टाळावा आणि शक्यतो त्याच दिवशी, कोमट असतानाच वाढावे. सॉस रवाळ झालेच तर दोन-तीन चमचे दूध घालून मंद आचेवर पुन्हा पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. नुसते मिक्सरमधून फिरवल्याने खडे बारीक होतात, पण जात नाहीत.

केक किंवा बिस्किटांत ब्रुनोस्त घालताना पाककृतीतली साखर पूर्ण वगळू नये. दुग्धशर्करेची गोडी साखरेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच असते, त्यामुळे पदार्थ रंगाने गडद आणि चवीने फिका होतो. साखर थोडीच कमी करावी आणि ओव्हनचे तापमान 10 ते 15 अंशांनी खाली आणावे, कारण असे पीठ वरून फार लवकर तपकिरी होते आणि आतून कच्चे राहते.

पनीरच्या पाण्यापासून घरी करताना

ब्रुनोस्त सहज मिळत नाही तेव्हा पनीरचे उरलेले पाणी आटवून पाहण्याची कल्पना सुचते आणि ती चांगलीही आहे. मात्र लिंबू किंवा व्हिनेगर घालून नासवलेल्या दुधाचे पाणी आटवले की त्यातला आंबटपणाही आटून तीव्र होतो; चक्क्याचे पाणी तर त्याहून आंबट असते. रेनेटने नासवलेल्या दुधाची गोड, न आंबलेली निवळीच यासाठी हवी. शाकाहारी रेनेटही मिळते. दूध नासवण्यापूर्वी मीठ अजिबात घालू नये.

5 लिटर निवळीतून 350 ते 400 ग्रॅमच वडी निघते आणि त्याला अनेक तास लागतात, याची तयारी ठेवावी. सुरुवातीला वर येणारे प्रथिनांचे तरंग झाऱ्याने काढून बाजूला ठेवावे आणि शेवटी मिसळून मिश्रण मिक्सरमधून फिरवावे. मिश्रण घट्ट होत आल्यावर साय घालावी. सर्वांत जास्त लोक चुकतात ते शेवटच्या टप्प्यात: मिश्रण भांडे सोडू लागले की ते तसेच साच्यात ओतून हळूहळू गार होऊ देतात आणि वडी रेतीसारखी होते. भांडे थंड पाण्यात ठेवून, मिश्रण गार होईपर्यंत हात न थांबवता घोटत राहावे, म्हणजे खडे इतके बारीक धरतात की जिभेला जाणवत नाहीत. या जागी खवा वापरला तर पदार्थ चवदार होईल, पण त्यात खारटपणा आणि शेळीच्या दुधाचा वास नसल्यामुळे तो वेगळाच पदार्थ असेल.

उघडलेली वडी फ्रिजमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावी, नाहीतर कडा वाळून काप मोडू लागतात. वाळलेल्या कडा टाकू नयेत. किसून त्या पुढच्या आळिंबीच्या सॉसमध्ये वापराव्या, तिथे त्या ताज्या वडीइतक्याच चांगल्या विरघळतात.