सागवान आणि शिसवाच्या पट्ट्यांतून बेस गिटारची नेक

बेस गिटारच्या चार तारा मिळून नेकवर, म्हणजे त्या जिच्यावर ताणलेल्या असतात त्या लांब दांडीवर, साधारणतः ७० ते ८० किलोचा ताण देतात, आणि ३४ इंची स्केलमुळे (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाच्या लांबीमुळे) ही नेक साध्या गिटारपेक्षा लांब असल्याने ती वाकण्याची किंवा पिळण्याची शक्यताही अधिक असते. म्हणून अनेक कारागीर अखंड फळीतून नेक न कोरता तीन किंवा पाच उभ्या पट्ट्या चिकटवून ती घडवतात, जेणेकरून एका पट्टीचा कल शेजारची पट्टी रोखून धरेल. रंगीत रेघांची शोभा हा त्यातला दुय्यम लाभ होय.

परदेशी बनावटीत मेपल व अक्रोड असतात. गडचिरोली-चंद्रपूरकडे सागवान आणि शिसव या जोडीवर उत्तम काम होते. लाकूड आरामशीनवरून बिल व वाहतूक परवान्यासह घ्यावे. गाठ आणि कडेचा पांढरा भाग टाळून केवळ गाभ्याचे, सरळ रेषांचे लाकूड निवडावे. बंडीचे चाक घडवणाऱ्या सुताराला लाकूड वाळवण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. इतरांनी फळ्या सावलीत, मध्ये चिपा ठेवून रचाव्यात आणि दर आठवड्याला वजन करून ते घटणे थांबेपर्यंत धीर धरावा.

खरे कौशल्य पट्ट्या कापण्यात आहे. बहुतेक फळ्यांच्या टोकाकडून पाहिल्यास वर्षवलयांच्या रेषा आडव्या दिसतात; अशा एक इंची फळीच्या ३० मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून त्या उभ्या केल्या, की त्याच रेषा नेकच्या वरच्या पृष्ठभागाशी काटकोनात येतात आणि नेक ऋतुमानाने कमी हलते. बाहेरच्या दोन पट्ट्या एकाच फळीतून लागोपाठ काढून पुस्तकाच्या पानांसारख्या समोरासमोर उघडाव्यात, म्हणजे दोघींचे कल परस्परांना छेदतील. रंधा मारल्यावर सागवान १८, शिसव ८, मध्ये सागवान १८, पुन्हा शिसव ८ आणि सागवान १८ अशी मांडणी केल्यास ७० मिलिमीटर रुंदी मिळते. नटजवळ (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ) नेक जेमतेम ४० मिलिमीटर उरत असल्याने तेथे बाहेरचे सागवान प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटरच शिल्लक राहील, हे आधीच लक्षात घ्यावे.

सागवानातील तेल चिकटण्याला अडथळा आणते. त्यामुळे ताजा रंधा मारून, ॲसिटोनने पुसून, लगेच सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) लावावा. साधा पांढरा फेव्हिकॉल सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि मे महिन्यातील टिनाच्या छपराखाली मऊ पडतो, म्हणून तो येथे वापरू नये. इपॉक्सीला शिकंजे फार करकचून आवळू नयेत, अन्यथा सांध्यात गोंदच उरत नाही. दोन्ही बाजूंना सरळ ठोकळे ठेवून किमान एक दिवस चिकटवलेल्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. हे काम पावसाळ्यात मुळीच काढू नये. हिवाळा सर्वांत सोयीचा.

नेक निमुळती करण्याआधी, बाजू सरळ असतानाच, ट्रस रॉडची (नेकचा वाक आवरणाऱ्या धातूच्या सळईची) खाच मधल्या १८ मिलिमीटरच्या पट्टीत कोरावी; ती चिकटलेल्या सांध्यावर आल्यास सांधा कमकुवत होतो. त्यानंतर शिसवाचा फ्रेटबोर्ड (जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती वरची पट्टी) चिकटवावा आणि मागचा गोलवा सर्वांत शेवटी कानशीने काढावा.