बांधावर पुन्हा जीव आणायचाय? या चुका टाळा

कृष्णाकाठचा ऊस असो की मराठवाड्यातलं सोयाबीन, सलग एकाच पिकाच्या शिवारात पाखरं, मधमाश्या, सापसरडे यांना जागा उरली आहे ती बांधावर आणि ओढ्याकाठी. ही जागा त्यांना परत द्यायला अनेक शेतकरी तयार आहेत, याचा मनापासून आनंद वाटतो. तरीही बांध पुन्हा उघडे पडतात, कारण रोपं लावायची घाई असते, पण जमीन सोडायची तयारी नसते.

हातभर बांधावर झाडं लावणं. दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरला जातो आणि रोपांची मुळं तुटतात. आधी पाच-सहा फुटांचा पट्टा मोकळा सोडा. पहिल्या पावसाळ्यात तिथे काहीच लावलं नाही तरी चालेल, फक्त नांगर, तणनाशक आणि काडीपेटी लांब ठेवा. पाखरांच्या विष्ठेतून बोर आणि कडुनिंब येतात, शेळ्यांच्या लेंड्यांतून बाभूळ येते. काय उगवतंय ते पाहून मग उणीव भरा. खड्डे उन्हाळ्यात घ्या, लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करा आणि रोपाभोवती बोरी-बाभळीच्या फांद्यांची कुपाटी घाला. कुपाटी नसेल तर शेळ्या रोप ठेवत नाहीत.

नुसती गिरिपुष्पाची रांग. हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प चांगलं, त्याबद्दल वाद नाही. पण ते आणि सुबाभूळ दोन्ही मध्य अमेरिकेकडचे, आपल्याकडच्या किड्यांच्या फारसे उपयोगाचे नाहीत. किडे नाहीत तिथे पिलांना भरवायला पाखरांना काही मिळत नाही. करंज, पळस, बोर, हिवर यांची सरमिसळ करा, खाली निर्गुंडी, तरवड, करवंद येऊ द्या. ओढ्याकाठी उंबर, जांभूळ, वाळुंज.

शेजाऱ्याला न विचारता लागवड. बऱ्याच बांधांवरची झाडं याच भांडणात तुटतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावली उत्तरेला लांब पडते. तुमच्या उत्तरेकडच्या बांधावर उंच झाड लावलं तर रब्बीत सावली शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर जाते. तिथे झुडपं आणि गवतच ठेवा. मोठी झाडं दक्षिणेच्या बांधावर, स्वतःची थोडी सावली सोसून, किंवा कोपऱ्यात एखाद-दुसरं. खालच्या फांद्या छाटत राहा. मुळं पिकात शिरत असतील तर बांधालगत चर काढा. आणि लावण्याआधी शेजाऱ्याशी बोला, निम्मं काम तिथेच होतं.

माळाला ओसाड समजणं. शेताला लागून मुरमाड माळाचा तुकडा असेल तर त्यावर झाडं लावू नका. पवण्या, मारवेल, कुसळी ही गवतंच तिथली समृद्धी आहे. चंडोल आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना उघडं रानच लागतं. गवत बी झडल्यावर कापा. गवत पार गेलं असेल तर पावसाच्या सुरुवातीला मारवेलचे ठोंब लावा.

‘सगळं गाजरगवतच आलं!’ जमीन उकरली की हे होतंच. पुण्यात 1955च्या सुमारास नोंदलं गेलेलं हे तण उघड्या मातीवर फोफावतं. फुलाआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. तणनाशक मारलं तर माती पुन्हा उघडी पडते आणि पुन्हा तेच उगवतं. तरोटा येत असेल तर येऊ द्या, तो गाजरगवताला दाबतो.

उंदरांच्या भीतीने विष टाकणं. गवत वाढलं की उंदीर येतात, ही तक्रार खरी आहे. पण विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या पोटात गेला तर ते घुबडही दगावू शकतं, आणि मग उंदीर आवरायला कोणी उरत नाही. शेतात पक्षीथांबे, म्हणजे पाखरांना बसायला उंच काठ्या, उभे करा, धामण मारू नका. पिकावरची फवारणी टाळता येत नसेल तर संध्याकाळी करा, मधमाश्या परतल्यावर. कांद्याचं बी धरायला परागीभवन लागतं, ते करणाऱ्या मधमाश्यांची किंमत बी धरणाऱ्यांना सांगायला नको.

ओढ्यात जेसीबी. गाळ काढताना दोन्ही काठ खरवडून ओढा सरळ केला की पाणी वेगाने निघून जातं आणि काठ ढासळतो. गाळ काढायचाच तर एका बाजूने काढा, दुसरा काठ झाडाझुडपांसह राहू द्या.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याकडे तर आजच बघा. त्याच्या निसरड्या उतारावरून पडलेला ससा, मुंगूस किंवा कुत्रंही वर येऊ शकत नाही. काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेला जाड दोर दोन-तीन बाजूंनी पाण्यात सोडा, वरचं टोक खुंटीला पक्कं बांधा, आणि पाणी खाली जाईल तसा दोर तळापर्यंत पुरतो ना, हे पाहत राहा.