माहिती अधिकाराच्या अर्जात काय मागावं, कसं मागावं

तहसीलीबाहेर माझ्या टेबलापाशी येणारा जो तो आधी राग ओततो. ओतावा, पण अर्जात उतरवू नये. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असं विचारलंत की अधिकारी हात झटकायला मोकळा. २००५चा कायदा नोंदीतली माहिती देतो, खुलासे नाही. त्याऐवजी लिहा: ‘अमुक रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि अंतिम देयक यांच्या प्रमाणित प्रती, एप्रिल २०२३ ते मार्च २०२४.’ कार्यादेश म्हणजे काम सुरू करायचा आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही, देयक म्हणजे बिल. आता सांगा, टोलवणार कसं? महाराष्ट्रात एका अर्जाला एकच विषय, तोही १५० शब्दांत. म्हणून ‘सविनय’, ‘कृपावंत होऊन’ वगैरे गाळाच. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा, पोच घ्या आणि उत्तराच्या मुदतीचे ३० दिवस मोजायला लागा.