गोदाघाटावर चित्र काढताना

नाशिकमध्ये राहून जलरंग शिकू पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, ‘आधी घरी हात बसू दे, मग घाटावर जाऊ’ हा विचार सोडून द्यावा. मी त्याच विचारात दीड वर्ष घालवले. पंचवटीतले, 1747 मध्ये बांधलेले नारोशंकराचे मंदिर माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर असूनही मी ते मोबाइलवरचा फोटो समोर ठेवून चार वेळा रंगवले. चित्र बिघडण्याची भीती मला नव्हतीच, कारण घरी रोज एखादा कागद वाया जातच होता. भीती होती ती चित्र बिघडताना कोणी पाहील याची.

अखेर एका सकाळी रामकुंडाजवळच्या पायरीवर जाऊन बसले. समोर दुतोंड्या मारुती होता, ज्याच्या अंगावर पाणी कुठवर चढले यावरून नाशिककर गोदावरीच्या पुराची पातळी सांगतात. पाच मिनिटांत पाठीमागे तिघेजण उभे राहिले आणि माझा हात आखडला. नकळत मी सर्वांत बारीक, दोन नंबरचा ब्रश उचलला आणि घाटाच्या पायऱ्यांच्या रेषा एकेक करून ओढत राहिले. तासाभराने द्रोणातले दिवे विकणाऱ्या एक आजी वाकून पाहत म्हणाल्या, “अगं, देव कुठाय यात? नुसत्या पायऱ्याच घातल्यास की!”

त्या वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही वर्गात मिळाले नव्हते. भीती आधी हातात उतरते. घाबरलेला माणूस बारीक ब्रश घेतो, पाणी कमी घेतो, रंग फिका ठेवतो आणि ज्या भागात चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी तो भाग आधी रंगवतो. मनाला समजावत बसण्यापेक्षा ही लक्षणे ओळखून ब्रश बदलणे सोपे असते. आता मी घाटावर जाताना बारीक ब्रश घरीच ठेवते. बारा नंबरच्या गोल ब्रशला चांगले टोक असेल तर मंदिराचा कळससुद्धा त्यानेच निघतो.

कागदाचेही तसेच आहे. 22 बाय 30 इंचांचा, 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, अख्खा कागद महाग पडतो आणि त्याची किंमत डोक्यात राहिली की हात मोकळा चालत नाही. त्याचे आठ तुकडे करावेत, म्हणजे साडेसात बाय अकरा इंचांचा एक तुकडा वाया गेल्याचे फारसे दुःख होत नाही. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना उशिरा कळते: जलरंग ओला असताना दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर फिका होतो. त्यामुळे काळ्या दगडाची सावली लावताना ‘हे फारच गडद झाले’ असे वाटले, तर ती बहुधा बरोबर लागलेली असते. सुरुवातीला मी अशी प्रत्येक सावली घाईघाईने टिपकागदाने टिपून घ्यायचे, आणि माझी त्या वर्षीची सगळी चित्रे धुक्यात काढल्यासारखी दिसतात.

बघ्यांकडे दुर्लक्ष करा, असा सल्ला सगळेच देतात. मला तो कधीच जमला नाही. त्यापेक्षा मान वर न करता उत्तरे द्यावीत. प्रश्न साधारण तीनच असतात: किती वेळ लागतो, विकता का, आणि माझे काढाल का. उत्तर देताना हात चालू राहतो, आणि दहा मिनिटांनी बहुतेक लोक कंटाळून जातात. (न जाणारा एखादा भेटतोच, तो चांगली सावलीची जागाही दाखवतो.)

वैशाखात आठच्या आत काम आटोपावे, कारण त्यानंतर आकाशाचा रंग पसरवून होण्याआधीच एका कडेने वाळू लागतो. पावसाळ्यात उलट होते आणि एक थर सुकण्याची वाट पाहत चहा होतो. बुधवारी मात्र जाऊ नये. त्या दिवशी आठवडे बाजारामुळे घाटावर बसायला जागाच मिळत नाही.